सव्वा तासाचं शोकगीत

सर लायोनेल थ्रॅपवुड यांनी स्वतःच्या अंत्यविधीसाठी स्वतःच संगीत लिहून ठेवलं होतं. चांगलं सव्वा तासाचं.

"बाईसाहेब, दहनगृहात प्रत्येकाला अर्धाच तास मिळतो," अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघणारे मिस्टर डॉबी सर लायोनेल यांच्या बायकोला, विनिफ्रेडला म्हणाले. "त्यात पाद्रीबाबा बोलणार. आणि तुमच्यानंतर लगेच मिसेस पेगचा नंबर आहे."

"लायोनेलने उभ्या आयुष्यात कुणाला एक सूर कापू दिला नाही," विनिफ्रेड म्हणाली. "त्यावरून सगळ्या ऑर्केस्ट्रांशी भांडला. माझ्या आईशीसुद्धा."

"मग कसं करायचं?"

विनिफ्रेडने दोघांसाठी चहा ओतला, चष्मा लावला आणि लाल पेन्सिलीला टोक काढलं.

शुक्रवारी संगीत सात मिनिटांत आटोपलं. लोक चक्क रडले. विनिफ्रेडच्या मागच्याच बाकावर लायोनेलला जन्मभर झोडपणारा समीक्षक बसला होता. त्याने नाक शिंकरलं आणि पुढे वाकून तिच्या कानात म्हणाला, "जमलं हो शेवटी म्हाताऱ्याला! कुठे थांबायचं ते कळलं एकदाचं."

विनिफ्रेडने दचकून शवपेटीकडे पाहिलं.

झाकण पक्कं बसलेलं होतं.