बासन

गाठ सुटेना, तेव्हा सिद्धराम अप्पांनी ती दातांनी ओढली. पोथीवरचं लाल कापडी बासन मोकळं झालं. त्यांनी वरची लाकडी फळी उचलली आणि आतून भसकन माती सांडली.

देगलूरकडच्या अप्पांच्या मठाची ही मूळ पोथी. गुरूंनी ती हाती दिली तेव्हा अप्पांना मिसरूड फुटत होतं. तेव्हापासून रोज बेल, विभूती, धूप. उघडायची मात्र नाही, अशी मठाची रीत. पोथ्यांचे फोटो घेऊ द्या म्हणून नांदेडहून संशोधक तनुजा दर उन्हाळ्यात यायची. अप्पा तिला जेवू घालायचे आणि वाटेला लावायचे. या खेपेला जाता जाता तिनं विचारलं होतं, “अप्पा, आत काय लिहिलंय ते तुम्हाला तरी माहीत आहे का?” त्या प्रश्नानं अप्पांचं अन्न गोड लागेना. त्यांनीच तिला परत बोलावून घेतलं होतं.

“वाळवी,” तनुजा हळूच म्हणाली.

अप्पांनी माती चाचपली. पानाचा कपटासुद्धा हाताला लागला नाही.

“पर सकाळीच तर मी हिच्यावर डोकं टेकलं,” ते म्हणाले.

दारात फुलांची परडी घेऊन मठाची सेवेकरी कमलम्मा उभी होती. तिनं कपाळावर हात मारला. “झाका ते, अप्पा! दुपारच्या आरतीला मान्सं येऊन राहिलीत. बासन बांधून ठिवा, कुणाला काय कळतंय?”

अप्पा उठले. पोथ्यांचं कपाट त्यांनी सताड उघडलं. “पोरी, समद्या बाहेर काढ. अंगणात, उन्हात.”

दुसऱ्या बासनातही मातीच. तिसऱ्यात वाळवी अजून वळवळत होती. अप्पा वेड्यासारखे ती हातांनी झाडत राहिले. आरतीला आलेली माणसं फाटकातच थबकली. घंटा कुणीच वाजवली नाही.

शेवटच्या बासनात थोडी पानं निघाली. अप्पांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, एक पान दोन्ही तळहातांवर घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. अडखळत का होईना, शब्द लागत होते. माणसं जवळ सरकली. कमलम्मा परडी घेऊन तिथंच मातीत बसली.

मधेच अप्पा थांबले.

“म्होरं काय हाय, अप्पा?” कुणीतरी विचारलं.

अप्पांनी पान वर उचललं. वाळवीनं पाडलेल्या भोकातून आलेलं ऊन थेट त्यांच्या तोंडावर पडलं.