हळदीची सीडी

"वैनी, आता बघाच," म्हणत विकीने भावाच्या लग्नाची सीडी नव्या प्लेयरमध्ये सरकवली.

पडदा पिवळाधमक झाला. पाटावर हरेश, अंगभर हळद. माणिकपूरच्या दुकानदाराने सांगितलं ते खरंच होतं. जुनं, पुसट चित्र हा नवा टीव्ही कालच काढल्यासारखं दाखवत होता. धोंडूबाई पडद्याजवळ सरकल्या. "कसा देखना दिसतो माझा पोर," म्हणाल्या आणि डोळे टिपले.

संजना निधीला मांडीवर घेऊन नवऱ्याच्या गालाकडे बघत होती. त्यावरचे कांजण्यांचे खड्डे पडद्यावर नव्हते. हळद गालावर रंग दिल्यासारखी सपाट बसली होती. खरी हळद त्या खड्ड्यांत जाऊन रुतली होती. लग्नानंतर ती ओल्या फडक्याने काढत बसायची आणि तो गुदगुल्या झाल्यासारखा हसायचा.

भिंतीवरचा फोटो स्टुडिओवाल्याने गोरा करून दिला होता. तिच्या मोबाईलमधले फोटो तर काढतानाच गुळगुळीत व्हायचे. हरेशचा मोबाईल त्याच्याबरोबर खाडीत गेला. खड्डे उरले होते ते या सीडीतच.

तिने विकीला विचारलं, हे असं का दिसतंय. तो कौतुकाने सांगू लागला की जुन्या चित्रात ठिपके कमी असतात, मधलं सगळं मशीन आपल्या अंदाजाने भरून काढतं.

"भरायचं नव्हतं, भावोजी."

"जित्ता होता तवा त्याच गालाला हसायचीस," धोंडूबाई म्हणाल्या.

विकीने रिमोट घेऊन ते भरणं बंद केलं. चित्र खरखरीत झालं, रंग उतरले. पण गालावर बारीक बारीक सावल्या आल्या. संजना पुढे वाकली.

निधीने तोंड फिरवलं. बाप गेला तेव्हा ती रांगत होती. "हे बाबा नको," ती रडायला लागली. "ते बाबा लाव."

संजना पडद्याकडे बघत राहिली. निधीचं रडणं थांबेना.

"लावा, भावोजी," ती म्हणाली.

गाल भरून आला. निधी मांडीवरून उतरून धावली तसं विकीने चित्र तिथंच थांबवलं. तिने पडद्याला ओठ टेकवले. ती बाजूला झाली तेव्हा तिथे ओला ठसा होता, आणि ठशात हरेशचा गाल फुटून नुसते लाल, हिरवे, निळे दाणे दिसत होते.

संजनाने उठून ओढणीने तो ठसा पुसला. गाल पुन्हा गुळगुळीत झाला.