कानाची साक्ष

मृत्यूचौकशीच्या दालनात गोविंदबुवा कीर्तनकार निश्चिंत बसले होते. नव्या कायद्याने आता मृताचा कानच साक्ष देई. सरणावर नेण्याआधी कानातली पेशी काढून घेत आणि माणसाने शेवटी ऐकलेलं सारं घरच्यांसमोर वाजवून दाखवत. बुवांचा साथीदार रंगनाथ पखवाजी आठवड्यापूर्वी घरीच वारला होता. डॉक्टरांच्या दाखल्यावर पहाटे सहाची वेळ होती.

"रडू नका, वहिनी," बुवा त्याच्या बायकोला, अनसूयेला, म्हणाले. "जाताना त्याच्या कानावर नामच पडलं असणार."

खरोखरच यंत्रातून बुवांचं भजन घुमलं. त्यांचे डोळे भरून आले.

"बुवा, हे कधीचं?" चौकशी अधिकारी साळवीबाईंनी विचारलं.

"सातचं. प्रेताशेजारी बसून आम्ही..." बुवांची जीभ अडखळली. सहाला गेलेल्याने हे ऐकलं कसं?

तेवढ्यात यंत्रातल्या टाळांच्या आडून फरशीवर बोटांची टकटक ऐकू आली. भजनाची लय वाढली, तशी तीही वाढली. वीस वर्षं पाठीशी असलेली ती साथ बुवांनी तत्काळ ओळखली. भजन संपेपर्यंत प्रेतावरच्या चादरीला कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनीच बजावलं होतं.

"बुवा, मालक जिवंत होते?" अनसूया किंचाळली.



"दाखल्यावरची वेळ बदलावी लागेल," साळवीबाई कशाबशा म्हणाल्या.

"किती वाजता थांबले ते?" अनसूयेने विचारलं.

यंत्रात भजन संपून घरच्यांची रडारड सुरू झाली होती. साळवीबाई कान देऊन तिच्याआडची टकटक ऐकत राहिल्या.

"अजून थांबले नाहीत, काकू."