काटा कुठे आहे?

आगीच्या विम्याचे दावे तपासण्यात हयात घालवलेल्या मुलाने एकट्या राहणाऱ्या आईसाठी लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी बसवली आणि तिच्या धुराड्यावर तापमापकही लावून दिला. काटा पिवळ्यात रेंगाळला तर धुराड्यात काजळी धरते, तांबड्यात शिरला तर धुराडेच पेट घेते, सुरक्षित तो मधला हिरवा पट्टा. हे त्याने तिच्याकडून पाढ्यासारखे घोकून घेतले. पुढे त्याचा रोज नेमाने फोन येई. "काटा कुठे आहे?" या प्रश्नाने सुरू झालेले संभाषण "हिरव्यात" या उत्तरावर संपे.

"काटा मेला ठणठणीत आहे रे," एकदा तिने धीर करून म्हटले. "कालपासून माझ्याच छातीत कळ येतेय."

"तुझं रोजचंच आहे गं, आई. काटा सांग."

"हिरव्यात."

दुसऱ्या दिवशी फोन शेजारणीने उचलला. "भाऊ, मन घट्ट करा," ती रडत म्हणाली, "तुमच्या आई गेल्या."





"शेगडी पेटती ठेवून?"