मिटल्या ओठांचं मत

“विरोधाची वेळ आली की जोरात,” तिच्या कंपनीतले वरिष्ठ पाटणकर सर ऋजुताच्या कानाशी पुटपुटले. “वरून हुकूम आहे.”

ऋजुताने मान डोलावली. समोरच्या पडद्यावर तिचाच मसुदा होता. कुठल्याही ॲपवरून दुसऱ्या कुठल्याही ॲपवर मेसेज क्षणात पोचावा, म्हणून तिने वर्षानुवर्षं खपून हे सगळ्यांसाठी खुले नियम लिहिले होते. सुरुवातीला कंपनीनेच पाठ थोपटली. आता मात्र आपलं गिऱ्हाईक कुंपणाबाहेर जाईल, म्हणून कंपनीला धडकी भरली होती.

सगळ्या कंपन्यांच्या तंत्रज्ञांच्या या सभेत मतासाठी हात वर करायची पद्धत नव्हती. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि ओठ न उघडता हुंकार भरायचा. कुठला आवाज मोठा, ते अध्यक्ष कानांनी ठरवायचे. कोण कुणाच्या बाजूचं, ते फक्त शेजाऱ्याला कळायचं. आणि तिच्या शेजारी सर होते.

“मसुदा मान्य असणारे?” अध्यक्षांनी विचारलं.

गेली नोकरी तर गेली! ऋजुताने डोळे मिटून हुंकार भरला. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून तिच्याहून मोठा, खर्जातला हुंकार उठला.

“विरोधात असणारे?”

मागून एक-दोन क्षीण आवाज आले. शेजारी फक्त खोकल्याच्या गोळीचा कागद चुरचुरला.

“ऐन वेळी आपल्या दोघांचाही घसा बसला,” सर खणखणीत आवाजात म्हणाले. “ऑफिसला तसंच कळव.”