बाबांवर राज्य

गंगापूर रोडवरच्या बागेत लेकीचा दहावा वाढदिवस रंगला होता, पण तृप्तीचा पाय एका जागी ठरत नव्हता. वेगळा राहणारा नवरा दोन वर्षांनी लेकीला भेटायला आला होता, आणि पोरींनी आल्याआल्या आंधळ्या कोशिंबिरीचं राज्य त्याच्यावरच दिलं होतं. तृप्तीने आपल्याच ओढणीने त्याचे डोळे बांधले. पोरी किंचाळत पांगल्या. लेक मात्र मुद्दाम त्याच्या वाटेत उभी राहिली. चाचपडत येऊन त्याने तिलाच धरलं. आता हाताने ओळखून नाव सांगायचं होतं. त्याची बोटं तिच्या वेणीवरून, गालांवरून फिरली, कपाळाशी अडखळली. "ओळखू दे रे देवा," तृप्ती पुटपुटली. "रेवा!" तो ओरडला. शेजारची रेवा तर झोपाळ्यामागे लपली होती. पोरी खिदळणार, तेवढ्यात लेकीने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं आणि रेवासारखा आवाज काढून म्हणाली, "बरोब्बर, काका!"