चार लाखांची तयारी

रिटायर झाल्यावर एक जुनी, पण रोज चालवता येईल अशी फियाट घ्यायची म्हणून सर्जेराव चार लाखांची तयारी करून मुकुंदवाडीच्या गॅरेजात आले होते. फकिरा मिस्त्रीनं दोन गाड्या दाखवल्या.

"काका, पांढरी साडेतीन लाखाला पडंल. पण तिचं सगळं काम मी केलंय, वर्षभर माझं तोंड बघावं लागणार नाय. निळी दीड लाखात देतो, पण ती लई डोकं खाती. दर रविवारी हितं आणावी लागंल. आज कार्बोरेटर, उद्या ब्रेक. माझं काम होईस्तोवर दोन-तीन तास ह्या बाकड्यावर चहा पीत, माझी बडबड ऐकत बसावं लागंल. माझं ऐका, पांढरीच घ्या. पायजे तर घरी विचारून सांगा."

"घरी विचारायला कुणी नाय रे आता."

सर्जेरावांनी पांढरीभोवती दोन चकरा मारल्या, दार उघडून पाहिलं. ते कुरकुरलंसुद्धा नाही.

 

मग निळीची चावी मागून घेत त्यांनी विचारलं, "रविवारी किती वाजता उघडतोस?"